बॉलपार्कला जायला मुलाच्या गाडीची वाट पाहू नका

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मार्च संपत आला की महाराष्ट्रातून अमेरिकेला मुलांकडे जाणाऱ्या आई-बाबांची वर्दळ सुरू होते, ती थेट ऑक्टोबरपर्यंत. बेसबॉलचा हंगामही याच काळात असतो. मार्चअखेर सुरू होतो, सप्टेंबरअखेर साखळी सामने संपतात आणि ऑक्टोबरात बाद फेरी. न्यू जर्सीतल्या एडिसन, आयसेलिन, जर्सी सिटी या भागांत मराठी घरं पुष्कळ. त्या घरांतले पाहुणे सोमवार ते शुक्रवार खिडकीशी बसून असतात आणि शनिवारी मुलाला सवड झाली तरच बाहेर पडतात. ज्यांनी उभा जन्म डोंबिवली-दादर नाहीतर लोणावळा-पुणे लोकलनं काढला, त्यांना न्यूयॉर्कच्या बेसबॉल मैदानापर्यंत, म्हणजे इथल्या भाषेत बॉलपार्कपर्यंत, आगगाडीनं जाणं मुळीच अवघड नाही. अडचण एवढीच की मराठी प्रवासवर्णनांत मैदानाचं वर्णन असतं, पण स्टेशनाचं नाव नसतं. ती उणीव भरून काढावी म्हणून हे पत्र.

न्यूयॉर्कात मोठ्या साखळीची, म्हणजे मेजर लीग बेसबॉलची, दोन मैदानं आहेत. शहराच्या ब्राँक्स भागातलं यांकी संघाचं यांकी स्टेडियम आणि क्वीन्स भागातलं मेट्स संघाचं सिटी फील्ड. आजची दोन्ही मैदानं २००९ साली उघडली आणि दोन्ही रुळांच्या शेजारी आहेत. हा योगायोग नव्हे. यांकींचं जुनं मैदान १९२३ साली बांधलं तेव्हा जेरोम अव्हेन्यूवरचा उन्नत रेल्वेमार्ग तिथं आधीपासून धावत होता. नवं मैदान रस्त्याच्या पलीकडे उभं राहिलं, स्टेशन मात्र तेच राहिलं. ब्रुकलिनच्या जुन्या डॉजर्स संघाला तर नावच मिळालं ते रस्त्यावरच्या ट्राम चुकवत चालणाऱ्या लोकांवरून. या शहरात बेसबॉल आणि रूळ शंभर वर्षं बरोबरीनं चालले आहेत. गाडी घेऊन जाणारा जॉर्ज वॉशिंग्टन पुलावर टोल भरून खोळंबतो, पार्किंगचे वेगळे पैसे मोजतो आणि सामना संपल्यावर आवारातून बाहेर पडायलाच बराच वेळ घालवतो. म्हणून मुलाची गाडी हाताशी असली तरी आगगाडीनंच जावं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

तिकीट काढण्याआधी वेळापत्रक नीट वाचा. प्रत्येक संघ हंगामात १६२ सामने खेळतो आणि त्यांतले ८१ घरच्या मैदानावर असतात. वेळापत्रकात प्रतिस्पर्ध्याच्या नावाआधी ई-मेलच्या पत्त्यातली 'ॲट'ची खूण असेल, तर तो सामना परगावी आहे. ती खूण न पाहता निघालेले लोक रिकाम्या मैदानासमोर उभे राहतात. आठवड्यातले सामने बहुधा संध्याकाळी सातच्या सुमारास सुरू होतात, शनिवार-रविवारचे बरेचसे दुपारी एक-दीडला. २०२३ पासून चेंडू टाकायला घड्याळ लावल्यामुळे सरासरी सामना दोन तास चाळीस मिनिटांत आटोपतो. म्हणजे सातचा सामना पावणेदहाच्या आसपास संपतो. मात्र बेसबॉलमध्ये बरोबरी नसते, गुण समान असले तर जादा डाव खेळत राहतात. परतीची गाडी धरताना तासभर हाताशी ठेवा. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी दुपारचाच सामना निवडावा. उजेडात पाट्या वाचता येतात, आणि चुकलंच तर सावरायला वेळ असतो.

आता पैशांचं. न्यूयॉर्कच्या सबवेचं, म्हणजे शहरातल्या मेट्रो रेल्वेचं, पिवळं मेट्रोकार्ड २०२५ च्या अखेरीस विकणं बंद झालं. आता ओमनी नावाची पद्धत आहे. फिरत्या दांड्याच्या फाटकावर जी काळी काच असते, तिच्यावर संपर्करहित (कॉन्टॅक्टलेस) बँक कार्ड किंवा फोन टेकवायचा, काच हिरवी झाली की आत जायचं. जानेवारी २०२६ पासून एका फेरीचे ३ डॉलर पडतात, अंतर कितीही असो. उतरताना काहीच टेकवायचं नसतं. भारतीय बँकेचं कार्ड वापरणार असाल तर एक काम निघण्यापूर्वी घरीच करा. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमामुळे परदेशातला वापर आणि संपर्करहित वापर हे दोन्ही ग्राहकानं स्वतः सुरू करावे लागतात. बँकेच्या ॲपमध्ये ही दोन वेगळी बटणं असतात. बरेच जण परदेशाचं सुरू करतात आणि दुसरं विसरतात. मग दुकानात कार्ड चालतं, सबवेच्या फाटकावर मात्र काच लाल होते. केवळ रुपे कार्डावर विसंबू नका. सगळ्यात सोपं म्हणजे स्टेशनातल्या यंत्रातून ओमनी कार्ड विकत घ्यावं आणि त्यात रोख भरावी. प्रत्येकानं आपापलं कार्ड बाळगावं. गर्दीत नवरा फाटकाच्या आत आणि बायको बाहेर अशी ताटातूट झाली, तर ज्याच्या खिशात कार्ड नाही त्याची पंचाईत होते.

ध्यानात ठेवायची दुसरी गोष्ट अशी की या प्रवासात मुख्यतः चार वेगवेगळ्या रेल्वे लागतात आणि त्यांचं तिकीट एकमेकींवर चालत नाही. न्यू जर्सीतून येणारी एनजे ट्रान्झिट, हडसन नदीखालून येणारी पाथ, शहरातली सबवे आणि लाँग आयलंडकडे जाणारी लाँग आयलंड रेल रोड. मुंबईत एका तिकिटावर पश्चिम रेल्वेवरून मध्य रेल्वेवर जाता येतं, तसं इथं नाही. दर बदलाला नवं तिकीट, एवढं मनाशी पक्कं असलं की गोंधळ होत नाही.

एडिसन किंवा मेट्रोपार्कहून निघालात की एनजे ट्रान्झिटची नॉर्थईस्ट कॉरिडॉर गाडी न्यूयॉर्क पेन स्टेशनला पाऊणेक तासात पोचते. एडिसनहून पाच-दहा मिनिटं जास्त. तिकीट फलाटावरच्या यंत्रातून किंवा ॲपवरून आधीच काढा. यंत्र असूनही गाडीत रोखीनं काढलंत, तर ५ डॉलर जास्त द्यावे लागतात. ॲपवरचं तिकीट घेतल्यावर ते चालू करावं लागतं, तेही गाडी फलाटाला लागण्याच्या बेतात असताना. फार आधी चालू केलं तर त्याची मुदत संपू शकते. आत बसल्यावर कंडक्टर तिकीट पाहतो आणि पुढच्या सीटच्या पाठीला कागदाची एक अरुंद चिठ्ठी खोचतो. तिला छिद्र पाडलेलं असतं, त्यावरून तुम्ही कुठवर जाणार हे त्याला कळतं. ती काढू नका, आणि जागा बदललीत तर सोबत न्या. संध्याकाळच्या सामन्याला जाताना ही गाडी रिकामी मिळते, कारण सगळं ऑफिस त्या वेळी उलट दिशेनं घरी चाललेलं असतं. संध्याकाळी सहाला चर्चगेटकडे जाणारी लोकल ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको.

या मार्गावर पाहुण्यांचा सगळ्यात मोठा घोटाळा होतो तो नावाचा. पेन स्टेशनं दोन आहेत. आधी येतं नूअर्क पेन स्टेशन, मग न्यूयॉर्क पेन स्टेशन. कंडक्टर घाईत उच्चारतो तेव्हा आपल्या कानाला दोन्ही सारखीच वाटतात. नूअर्कला गाडीतले बरेच लोक उतरतात, त्यांच्यामागोमाग आपणही उतरतो. उतरू नका. नूअर्कनंतर बहुतेक गाड्या सिकॉकसला थांबतात, मग नदीखालचा लांब बोगदा लागतो आणि बोगदा संपला की शेवटचं स्टेशन. बोगद्यातून गेल्याशिवाय न्यूयॉर्क आलेलं नसतं, ही खूण धरा. चुकून नूअर्कला उतरलातच तर घाबरण्याचं कारण नाही, फलकावर न्यूयॉर्ककडे जाणारी पुढची गाडी पाहून चढावं.

जर्सी सिटीत जर्नल स्क्वेअरजवळ राहणाऱ्यांना हे सगळं नको. त्यांनी पाथनं तेहतिसाव्या रस्त्याला जावं. पाथ रात्रभर चालते, उशिरा संपणाऱ्या सामन्यासाठी हा मोठाच आधार आहे. तेहतिसावा रस्ता म्हणजे सहाव्या अव्हेन्यूवरचं हेराल्ड स्क्वेअर. तिथून पेन स्टेशन पश्चिमेकडे एका लांब चौकाच्या, म्हणजे एका अव्हेन्यूपासून पुढच्या अव्हेन्यूपर्यंतच्या, अंतरावर आहे.

आधी सिटी फील्ड, कारण नवख्या माणसाला आम्ही हेच सुचवतो. पेन स्टेशनाच्या पोटातच लाँग आयलंड रेल रोड आहे. न्यू जर्सीच्या गाडीतून उतरून रस्त्यावर न येता आतल्या आत तिच्या फलाटावर जाता येतं. पोर्ट वॉशिंग्टन शाखेची गाडी घ्यायची आणि मेट्स–विलेट्स पॉइंटला उतरायचं, वीसेक मिनिटांत. हे स्टेशन सामन्यासारख्या खास दिवशीच उघडतं, बाकीच्या दिवशी गाडी तिथून न थांबता जाते. पोर्ट वॉशिंग्टन ही या रेल्वेची एकमेव शाखा आहे जी जमैका जंक्शनवरून जात नाही. तेव्हा कोणी सवयीनं 'जमैकाला बदला' असं सांगितलं तर ऐकू नका. सिटीतिकीट नावाचं शहरापुरतं स्वस्त तिकीट मागा. कामाच्या दिवशी दुपारी चार ते रात्री आठ या वेळात मॅनहॅटनहून सुटणाऱ्या गाड्यांना गर्दीचा जास्त दर लागतो, म्हणून सातच्या सामन्याला जातानाचं तिकीट महाग आणि येतानाचं स्वस्त असतं. दोन्ही एकाच दरात काढलीत, तर एकीकडे फरक भरावा लागतो किंवा दुसरीकडे पैसे फुकट जातात.

वेळापत्रकाची कटकट नको असेल तर सबवे आहेच. टाइम्स स्क्वेअरहून ७ नंबरची गाडी फ्लशिंगकडे जाते. जमिनीखालून निघते, क्वीन्समध्ये शिरताना वर येते आणि मग घरांच्या गच्च्यांच्या उंचीवरून धावत राहते. मैदान डाव्या हाताला दिसतं. शेवटून दुसरं स्टेशन आपलं. पुढे गेलात तर फ्लशिंगचं मेन स्ट्रीट लागेल, तिथून एक स्टेशन मागे यावं. या मार्गावर साधी आणि जलद अशा दोन गाड्या आहेत आणि दोघींचा नंबर ७ च. फरक आहे तो नंबराभोवतीच्या आकाराचा. गोलात ७ असेल तर ती सगळ्या स्टेशनांवर थांबणारी, शंकरपाळ्याच्या आकारात ७ असेल तर जलद. दुपारनंतर कामाच्या दिवशी फ्लशिंगकडे जलद गाडी मिळते आणि ती मैदानाला थांबते. तेव्हा जाताना दोन्हीपैकी कुठलीही चालेल.

येताना मात्र हा आकार बघूनच चढा. सामना संपल्यावर मॅनहॅटनकडे एक खास अतिजलद ७ सोडतात, ती वाटेतली बहुतेक स्टेशनं गाळून जाते. पटकन शहरात पोचायचं असेल तर ती उत्तम. पण पुष्कळ आई-बाबांना वाटेत जॅक्सन हाइट्सला उतरून जेवायचं असतं. तिथल्या चौऱ्याहत्तराव्या रस्त्यावर भारतीय किराणा, मिठाई, डोसे सगळं मिळतं. ते स्टेशन चौऱ्याहत्तरावा रस्ता–ब्रॉडवे. तिथं फक्त गोलातली ७ थांबते, जलद नाही आणि अतिजलद तर नाहीच. मैदानापासून मोजून सहावं स्टेशन. दुपारचा सामना संपवून पाच वाजता तिथं उतरलं की जेवण निवांत होतं.

शिवाय हे स्टेशन म्हणजे सगळ्या प्रवासाची किल्ली आहे, असं आम्ही मानतो. ७ च्या फलाटावरून सरकत्या जिन्यानं किंवा लिफ्टनं खाली उतरलं की त्याच तिकिटात ई नावाची सबवे मिळते, आणि ई सरळ चौतिसावा रस्ता–पेन स्टेशनला जाते. टाइम्स स्क्वेअरच्या गर्दीत जावंच लागत नाही. जातानाही हाच मार्ग उलट घ्यावा. पेन स्टेशनच्या आठव्या अव्हेन्यूकडच्या बाजूला अपटाउन (म्हणजे उत्तरेकडे) व क्वीन्सकडे जाणारी ई पकडायची, जॅक्सन हाइट्स–रूझवेल्ट अव्हेन्यूला उतरायचं, वर जाऊन फ्लशिंगकडची गोलातली ७ घ्यायची. ३ डॉलरमध्ये एका बाजूचा प्रवास. गुडघे दुखणाऱ्यांना पेन आणि जॅक्सन हाइट्स दोन्हीकडे लिफ्ट आहे. जेवून पुन्हा स्टेशनात शिरलात तर मात्र फाटकावर दुसऱ्यांदा पैसे जातात, हे धरून चालावं.

सिटी फील्डला स्टेशनातून बाहेर पडताना उत्तरेकडची वाट धरा. जिना उतरलं की समोरच विटांची कमान आणि जॅकी रॉबिन्सन रोटुंडा हे मुख्य प्रवेशद्वार आहे. १९४७ साली ब्रुकलिन डॉजर्सकडून खेळून आधुनिक मोठ्या साखळीतली वर्णभेदाची भिंत पाडणाऱ्या खेळाडूचं नाव या दालनाला दिलं आहे. सामना सुरू होण्याआधी दहा मिनिटं इथं थांबून भिंतींवरचा मजकूर वाचावा अशी आमची आग्रहाची विनंती आहे. दक्षिणेकडच्या वाटेनं गेलात तर टेनिसच्या मैदानांकडे पोचाल. ऑगस्टअखेर तिथं यूएस ओपन असते. त्या पंधरवड्यात मेट्सचा घरचा सामना पडला तर दोन्हीकडची गर्दी एकाच स्टेशनात येते, म्हणून ते दिवस टाळलेले बरे.

आता यांकी स्टेडियम. स्टेशन एकशे एकसष्टावा रस्ता–यांकी स्टेडियम. ४ नंबर उन्नत फलाटावर थांबते, बी आणि डी त्याच स्टेशनात जमिनीखाली. ग्रँड सेंट्रलच्या बाजूला असाल तर अपटाउन व ब्राँक्सकडची ४ घ्या, पंचवीसेक मिनिटं लागतात. एकशे एकोणपन्नासावा रस्ता सुटला की गाडी अंधारातून एकदम वर येते आणि डाव्या हाताला मैदानाची पांढरी भिंत दिसते. त्याच फलाटावर ५ आणि ६ नंबरच्याही गाड्या येतात, रंगही तोच हिरवा. ६ एकशे पंचविसाव्या रस्त्यानंतर दुसरीकडे वळते, ५ एकशे एकोणपन्नासाव्याच्या अलीकडेच वळते आणि तिथल्या खालच्या फलाटावर थांबते. चुकून ५ मध्ये बसलात तर एकशे एकोणपन्नासावा रस्ता–ग्रँड कॉन्कोर्सला उतरून वरच्या फलाटावर या आणि ४ पकडा, एकच स्टेशन उरतं. म्हणूनच रंगावर जाऊ नका, आकडा वाचा.

न्यू जर्सीहून येणाऱ्यांना ग्रँड सेंट्रलला जायची गरज नाही. पेन स्टेशनातून बाहेर पडून पूर्वेला एक लांब चौक चालावं, हेराल्ड स्क्वेअर येतं. पाथनं आलेले तर तिथंच उतरतात. इथून नारिंगी रंगाच्या बी आणि डी मैदानाला जातात, पण यांत एक खोच आहे आणि ती कामाच्या दिवशी संध्याकाळी पाहुण्यांना हमखास नडते. गर्दीच्या वेळी ब्राँक्सकडे जाणारी डी जलद होते आणि नेहमीच्या वेळापत्रकाप्रमाणे मैदानाच्या स्टेशनावर थांबत नाही, पुढे ट्रेमाँट अव्हेन्यूलाच थांबते. त्या वेळी बी घ्यावी. पण बीची पाटीही वाचावी. बेडफर्ड पार्क बुलेव्हार्ड असं लिहिलेली बी मैदानाला जाते, एकशे पंचेचाळिसावा रस्ता असं लिहिलेली त्याच्या अलीकडेच संपते. डीत बसल्यावर शंका आली तर एकशे पंचेचाळिसाव्या रस्त्याला उतरा आणि तिथंच मागून येणारी बी धरा. शनिवार-रविवारी बी धावतच नाही, पण तेव्हा डी मैदानाला थांबते. थोडक्यात, सुट्टीच्या दिवशी डी, कामाच्या संध्याकाळी बी.

परतीला सरळ डी. सामना संपल्यावर जनसमुदाय वर चढून ४ च्या फलाटावर जातो, कारण तोच जिना डोळ्यांसमोर असतो. खाली डीचा फलाट त्या मानानं मोकळा असतो. कोनी आयलंडकडे जाणारी डी घेतली की हेराल्ड स्क्वेअर. ज्यांना जिने अजिबात झेपत नाहीत त्यांच्यासाठी या स्टेशनात लिफ्ट आहे, आणि ग्रँड सेंट्रलहून मेट्रो-नॉर्थ रेल्वेचाही पर्याय आहे. तिचं यांकीज–ईस्ट एकशे त्रेपन्नासावा रस्ता हे स्टेशन मे २००९ मध्ये सुरू झालं आणि ती गाडी पंधरा-वीस मिनिटांत पोचवते. मात्र स्टेशनापासून मैदानापर्यंत पादचारी पुलावरून चालावं लागतं.

पेन स्टेशनला रात्री परत आल्यावर आणखी एक सापळा असतो. गाडी कोणत्या फलाटावर लागणार हे सुटण्याच्या थोडाच वेळ आधी फलकावर येतं. सगळे लोक माना वर करून उभे असतात आणि आकडा झळकला की एकदम धावतात. त्या धावपळीत चुकीच्या गाडीत चढणं सहज घडतं. एडिसनकडे जायचं असेल तर ट्रेंटन, जर्सी अव्हेन्यू किंवा न्यू ब्रन्सविक असं लिहिलेली गाडी हवी. लाँग ब्रँचची गाडी राहवेपर्यंत त्याच रुळांवरून जाते, म्हणून बराच वेळ सगळं बरोबर वाटतं, आणि राहवेनंतर ती समुद्राकडे वळते. तिच्यात बसला असाल तर राहवेलाच उतरा आणि मागची ट्रेंटन गाडी घ्या. डोव्हर किंवा ग्लॅडस्टोनची गाडी घेतली असेल तर सिकॉकसला उतरावं, पुढे गेल्यावर मागे येणं लांबचं पडतं. मध्यरात्रीच्या सुमारास गाड्यांमधलं अंतर वाढतं, म्हणून निघण्यापूर्वीच परतीच्या दोन-तीन वेळा कागदावर लिहून खिशात ठेवा. फोनची बॅटरी अशाच वेळी संपते.

फोनचं आलंच आहे तर, सामन्याचं तिकीट हल्ली मोबाइलवरच असतं. भारतातलं सिम असलेला फोन मैदानाच्या दारात इंटरनेटशिवाय असतो आणि ॲप उघडत नाही. घरच्या वायफायवर असतानाच तिकीट फोनच्या वॉलेटमध्ये उतरवून घ्या आणि विमान मोड लावून ते उघडतं का हे तपासा. बॅग १६ बाय १६ बाय ८ इंचांपेक्षा मोठी चालत नाही. पाठीवरची सॅक नेऊच नका, खांद्यावरची लहान पिशवी पुरे. दारात अडवलं तर सामान ठेवायला जागा शोधत फिरावं लागतं आणि पहिला डाव हातचा जातो. एप्रिल-मेच्या संध्याकाळी उन्नत फलाटावर वारा चांगलाच झोंबतो. बाराही महिने ज्या स्वेटरची ठाण्यात थट्टा होते, तो इथं घाला. सबवेत स्वच्छतागृहं मोजकीच आहेत आणि असली तरी सापडत नाहीत. पेन स्टेशनात एकदा आणि मैदान सोडण्यापूर्वी एकदा जाऊन यावं. एनजे ट्रान्झिटच्या गाडीत सोय असते.

शनिवार-रविवारी सबवेच्या दुरुस्तीची कामं चालतात, क्वचित ७ चा काही भाग बंदही असतो. सामन्याच्या दिवशी सकाळी सबवे चालवणाऱ्या एमटीएच्या ॲपवर आपला मार्ग पाहावा. बंद असेल तर सिटी फील्डला लाँग आयलंड रेल रोड, यांकींना मेट्रो-नॉर्थ, असा दुसरा रस्ता दोन्हीकडे आहे.

दुसऱ्या शहरांत उतरलेल्यांसाठी थोडंसं. बोस्टनला फेन्वे पार्कसाठी फेन्वे नावाच्या स्टेशनाला उतरण्यापेक्षा केन्मोरला उतरावं, ते जवळ पडतं. ग्रीन लाइनच्या बी, सी, डी तिन्ही गाड्या तिथं थांबतात, ई थांबत नाही. शिकागोत रिग्ली फील्डला रेड लाइनचं ॲडिसन. सॅन फ्रान्सिस्कोच्या ओरॅकल पार्कला सनीव्हेल, माउंटन व्ह्यूकडून कॅलट्रेन या रेल्वेनं शेवटच्या स्टेशनाला उतरून चालत जाता येतं, पण चढताना आणि उतरताना दोन्हीकडे क्लिपर हे तिथलं प्रवासाचं कार्ड टेकवायला विसरू नका. अटलांटाचं ट्रुइस्ट पार्क आणि डॅलसजवळच्या आर्लिंग्टनचं ग्लोब लाइफ फील्ड इथं मात्र रेल्वे जात नाही. तिथं मुलाच्या गाडीशिवाय इलाज नाही.

आमची आपल्याकडे विनंती एवढीच की पर्यटनाच्या पानावर जेव्हा जेव्हा अशा मैदानाविषयी मजकूर येईल, तेव्हा शेवटी दोन ओळी छापाव्यात. स्टेशनाचं नाव, गाडीचा आकडा, आणि कोणत्या वेळी ती गाडी तिथं थांबत नाही.

आपले,
न्यू जर्सीतले काही मराठी वाचक